ऊर्जा दगडाची की दोघांची

ताई, तुझ्या जलदान विधीला भंतेजींचं सूत्रपठण झालं आणि मग आदरांजलीसाठी माणसं एकेक करून उठली. तुझ्या शाळेतले, भाऊजींच्या ऑफिसातले, गल्लीतले. सगळे चांगलं बोलले. शांत होत्या, मनमिळाऊ होत्या, मितभाषी होत्या. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि माझ्या मनात येत होतं, ही कोण बाई? माझ्याशी फोनवर तास तास कचाकचा भांडणारी, मी फोन आपटला की पुन्हा लावून अर्धं वाक्य पूर्ण करणारी बाई मितभाषी? माझं नाव पुकारलं तेव्हा मी मानेनंच नाही म्हटलं. लोकांना वाटलं, धाकटी बहीण आहे, कंठ दाटला असेल. तसलं काही नव्हतं. मला राग आला होता, आणि रागात माइक हातात घेऊ नये हे तूच मला शिकवलंस.

राग तुझाच आला होता. तू सांगायचं अर्धवट टाकून गेलीस. आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला. कुकरची शिट्टी, टीव्ही, त्यात तुझा आवाज. तू म्हणालीस, "मित्रे, त्या आपल्या दगडावर मले एक नवा मुद्दा सुचला. आता तुह्यं काही खरं नाई." मी म्हटलं, सांग. तर म्हणे, "आता नाई, भाजी करपून राहिली. उद्या सांगीन." आणि सकाळी भाऊजींचा फोन आला. मेंदूतली नस फुटली, म्हणाले डॉक्टर. मी अमरावतीहून अकोल्याला निघाले, मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, आणि सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट घोकत होते, की काय सुचलं असेल हिला? बहीण गेल्यावर माणसानं असला विचार करावा का? पण मी करत होते. अजून करते आहे.

त्या दिवशी मोर्शीची मावशी माझ्याजवळ येऊन बसली. शेवटचं काय बोलली गं तुझ्याशी, म्हणाली. मी सांगितलं, दगडाबद्दल बोलली. मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्यासाठी पाणी मागवलं.

तिला काय समजावणार होते मी? आपलं भांडण बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. एक दगड आहे. तो उचलून माळ्यावर ठेवला. उचलताना आपण कार्य केलं, दम लागला. ते कार्य गेलं कुठं? मी म्हणायची, दगडात गेलं. दगडाचं वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण g गुणिले उंची, एवढी स्थितिज ऊर्जा त्याच्यात साठली, आणि तो पडला की ती परत मिळते. पुस्तकात तसंच आहे, परीक्षेत तसंच येतं. तू म्हणायचीस, दगडात काहीही साठलेलं नाही. माळ्यावरचा दगड आणि अंगणातला दगड यांत काय फरक आहे, फोडून दाखव. ऊर्जा आहे, पण ती एकट्या दगडाची नाही, दगड आणि पृथ्वी या दोघांत मिळून आहे. आणि मग तुझं ठरलेलं वाक्य यायचं, "पृथ्वी काढून घे, अन् मंग सांग दगडाजवळ काय राह्यते." मी म्हणायची, पृथ्वी काढून घेता येत नाही, येणाऱ्या गोष्टी बोल. तू हसायचीस. त्या हसण्यावर मी फोन ठेवायची.

तुझं एक टोचणंही होतं. मी नववीलाही शिकवते आणि अकरावीलाही; अकरावीच्या सूत्रात दगडाचंही वस्तुमान येतं आणि पृथ्वीचंही. तू म्हणायचीस, "अकरावीत पृथ्वी लिहितं अन् नववीत पुसतं, काहून वं?" मी म्हणायची, नववीच्या पोरांना एवढं झेपत नाही. तुझं उत्तर तयार असायचं, की पुसलेली नाहीच, ती त्या g मध्ये लपून बसली आहे, तू फक्त पोरांना दाखवत नाहीस. मला त्यावर चोख उत्तर कधी सुचलं नाही. म्हणून मी आवाज चढवायची.

हे सगळं तूच सुरू केलंस. आपण मोर्शीच्या घरात असताना तू आईचा वरवंटा पळवला होतास. बाबांनी संत्र्याच्या कलमांसाठी परसात माती भिजवून ठेवली होती. तू वरवंटा आधी स्टुलावरून सोडलास, मग भिंतीवर चढून सोडलास, आणि दोन्ही खड्ड्यांत काडी घालून मला दाखवलीस. भिंतीवरून पडलेल्याचा खड्डा खोल. वरवंटा तोच, मग जास्तीचं कुठून आलं, तू विचारलंस. मी म्हटलं, तू वर चढून दमलीस ना, ते दमणं त्याच्यात गेलं. तू माझी पाठ थोपटलीस. त्या दिवशी माझं बरोबर होतं, असं तू म्हणालीस! मोठी झाल्यावर मात्र मला चूक ठरवायला लागलीस. आईनं चिखलातला वरवंटा पाहिला आणि आपल्या दोघींना धुतलं, ते वेगळंच.

आणि बाबांची मोटर. निवृत्तीनंतर त्यांनी गावाबाहेर संत्र्याची लहानशी बाग घेतली. विहिरीतलं पाणी बांधावरच्या टाकीत चढवायचं होतं. केवढी मोटर लागेल म्हणून त्यांनी दुकानदाराला विचारलं नाही, मोठ्या अभिमानानं आपल्या दोघींना विचारलं. घरात दोन मास्तरणी. आपण काम वाटून घेतलं. विहीर तुझी, टाकी माझी. तू काढलंस, पाणी जमिनीखाली अठरा मीटर, म्हणजे लिटरमागे एकशे शहात्तर ज्यूल. मी विचारलं, उंची मोजायला शून्य कुठं धरू? तू म्हणालीस, पाण्यावर धर. मी धरलं. टाकी पाण्यापासून चोवीस मीटर वर होती, मी चोवीसचा हिशेब दिला, म्हणजे तुझे अठरा त्यात आलेच. बाबांनी विहिरीचे अठरा आणि टाकीचे चोवीस यांची बेरीज केली आणि बेचाळीस मीटरची मोटर घेऊन आले. ती मोटर सुरू झाली की पाण्याचा असा लोंढा यायचा, की टाकी भरून वाहायची आणि विहिरीचा तळ दिसायचा. मग झऱ्यांचं पाणी भरेपर्यंत बाबा काठावर बसून राहायचे. आपण गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुमी दोघी बरोबर. इहीर मात्र कोरडी."

चूक कोणाची, यावर आपण बाबा असेपर्यंत भांडलो आणि बाबा गेल्यावरही भांडलो. मी म्हणते तू शून्य जमिनीवर धरायला सांगायला हवं होतंस. तू म्हणतेस मी तुझे अठरा वजा करून फक्त वरचे सहा सांगायला हवे होते. पण तुझ्या वर्गातला तो कायदा तिथूनच आला. गणित सोडवायच्या आधी, पहिल्या ओळीत, शून्य कुठं धरलं ते लिहायचं. लिहिलं नाही तर उत्तर बरोबर असलं तरी गुण कापायचा. पालक तक्रार घेऊन आले तेव्हा तू त्यांना बसवून मोटरची गोष्ट सांगितलीस. ते हसत परत गेले आणि गुण काही वाढला नाही.

अकोल्याहून परत आल्यावर मला घरात बसवेना. मी माळा आवरायला काढला. पितळी पातेली खाली उतरवली, घासली, पुन्हा वर चढवली. दुसऱ्या दिवशी वाटलं नीट लागली नाहीत, पुन्हा उतरवली. आमच्या घरी सगळे माझ्याकडे बघत होते, कोणी अडवलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, वर नेलं, खाली आणलं, गुरुत्वाविरुद्ध केलेलं एकूण कार्य शून्य, अन् दमली मात्र खरी. मला तुझा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की मी हातातलं पातेलं घेऊन स्टुलावर तशीच उभी राहिले.

आता खरं सांगते. इतकी वर्षं मी दगडाच्या बाजूला होते ती मुख्यतः तू दुसऱ्या बाजूला होतीस म्हणून. मनातून मला ठाऊक होतं की तुझं शास्त्र पक्कं आहे. पण तू गेल्यापासून मला ती दगडाची बाजू खरोखरच हवीशी झाली आहे. तुझं म्हणणं खरं असेल, दोघांत मिळून असतं ते एकट्याचं नसतंच असं असेल, तर मग माझ्याजवळ काय उरलं? वरवंटा, मोटर, तुझं हसणं, ते भांडण, हे सगळं आपल्या दोघींत मिळून होतं. त्यातली एक काढून घेतली. दगडात साठतं असं म्हटलं तर निदान माझ्याजवळ काही साठलेलं आहे असं मला म्हणता येतं. शास्त्राशी याचा संबंध नाही हे मला कळतं, ताई. पण माझी झोप उडाली आहे ती यानंच.

अशात तुझ्या मुख्याध्यापिका मॅडमचा फोन आला. चाचरत बोलल्या. नववीचा कार्य आणि ऊर्जा हा धडा मधेच राहिला आहे, परीक्षा तोंडावर आहे, नवीन शिक्षक यायला वेळ लागेल, तुम्ही काही तास घ्याल का. मी विचार न करता हो म्हटलं. पोरांचं भलं व्हावं म्हणून म्हटलं असं मी कोणालाही सांगेन, तुला नाही सांगणार. मला वाटलं, तो नवा मुद्दा हिनं वर्गात सांगितला असेल. तुझ्या पोटात काही राहत नव्हतं. मला सांगायच्या आधी तू पोरांवर घासून पाहिला असशील.

बसमध्ये मी ठरवलं, आपण भांडायचं नाही. तुझंच उत्तर द्यायचं, ऊर्जा दोघांची, आणि धडा संपवायचा. तुला तेवढा मान द्यायचा. पण जसजसं अकोला जवळ येत गेलं तसतशी मी चिडत गेले. मान्य केलं की भांडण मिटलं, आणि भांडण मिटलं की तू खरंच गेलीस. पण मान्य नाही केलं तर तुझ्याच वर्गात, तुझ्याच पोरांसमोर, तुला खोटं पाडायचं? स्टँडवर उतरून मी ऑटो केला, अर्ध्या वाटेत त्याला थांबवलं, चालत निघाले, मग उशीर होईल म्हणून दुसरा ऑटो केला. तो ऑटोवाला काय म्हणाला असेल कोण जाणे.

वर्गात गेले तर फळ्यावर मधोमध खडूची उभी रेघ. एका बाजूला 'दगडाची', दुसऱ्या बाजूला 'दोघांची'. दोन्हीकडे खाली मुद्दे. तुझं अक्षर नव्हतं, पोरांचं होतं. तुझ्या वेळचं पुसलं गेलं होतं, त्यांनी माझ्यासाठी पुन्हा लिहून ठेवलं होतं. मी नाव सांगितलं. खिडकीजवळची एक मुलगी उठली. दोन वेण्या, नजर सरळ.

"मॅडम, तुमी अमरावतीच्या काय?"

हो म्हटलं.

"मंग तुमी मॅडमच्या बहीण. दगडवाल्या."

वर्ग हसला. मी विचारलं, तुम्हाला काय माहीत. मग सगळे एकदम बोलायला लागले. तू हे दर वर्षी करतेस म्हणे. आधी माझी बाजू मांडायचीस. अमरावतीला माझी बहीण आहे, ती असं म्हणते, असं सांगून माझे मुद्दे एकेक करून, माझ्याहून चांगले मांडायचीस. इतके की निम्मा वर्ग दगडाकडे यायचा. मग म्हणायचीस, आता पाडून दाखवा. त्या मुलीनं तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "माह्या बहिणीले हरवणं सोपं नाई. ती चुकते, पण नीट विचार करून चुकते."

ताई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मला हेकट म्हणालीस, भांडकुदळ म्हणालीस, पुस्तकी म्हणालीस. आणि तिकडे दर वर्षी एका वर्गासमोर माझी वकिली करत होतीस. मला तुझा इतका अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तुला धरून हलवावंसं वाटलं.

मग मी विचारलंच, मॅडमनी अलीकडे काही नवा मुद्दा सांगितला का. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. नाही म्हणाली. शेवटच्या दिवशी मॅडमनी फक्त शून्याची गणितं घेतली. मला उगाच वाटत होतं की इथं काहीतरी सापडेल. सापडलं नाही.

ठरवून आले होते तसं मी म्हणाले, की उत्तर 'दोघांची' असं आहे, लिहून घ्या. कोणी लिहून घेतलं नाही. त्या मुलीनं सांगितलं की असं नाही चालत, तुम्ही दगडाच्या आहात, तुम्ही भांडायला पाहिजे. मग मी भांडले. तुझ्याशी भांडायची तशीच भांडले, हातवारे करून. पोरं उलट उत्तरं देत होती आणि दर उत्तरात तू होतीस. एकानं g मध्ये लपलेली पृथ्वी काढून दाखवली. एकीनं विचारलं, चंद्रावर तोच दगड तेवढ्याच उंचीवर ठेवला तर ऊर्जा कमी का भरते, दगड तर तोच आहे. मी मागे मागे सरत होते आणि मला बरं वाटत होतं, कितीतरी दिवसांनी.

शेवटी ती दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "मॅडम, पृथ्वीच काढून घेतली तर?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, काढून घेता येत नाही.

ती म्हणाली, "काहून नाई येत?"

इतक्या वर्षांत तू मला हे विचारलं नाहीस. तू हसायचीस आणि मी फोन ठेवायची. उत्तर देताना मलाच ते पहिल्यांदा ऐकू येत होतं. मी म्हणाले, अशी उचलून बाजूला ठेवता येत नाही, कारण ती दगडाला धरून आहे आणि दगड तिला. ती ओढून दूर न्यावी लागेल. ओढायला कार्य करावं लागेल. जितकं दूर न्यायचं तितकं जास्त कार्य. त्यांनी विचारलं, म्हणजे पृथ्वी काढून घेतली की ऊर्जा संपत नाही? मी म्हटलं, नाही. आपण केलेलं कार्य कुठं जाईल? ती वाढते. दोघं जेवढे लांब, तेवढी ती वाढते.

अकरावीच्या पोरांना मी हे दर वर्षी शिकवते, ऋण चिन्हासकट. दूर जाताना ऋण कमी होत जातं, म्हणजे ऊर्जा वाढत जाते, दोन गुणांचा प्रश्न. त्या दिवशी ते बोलून झालं. मी खिडकीकडे तोंड केलं. तुझी पोरं चांगली आहेत, ताई. कोणी चुळबुळसुद्धा केली नाही.

हाच होता का तुझा मुद्दा? असेल. किंवा तू म्हणाली असतीस, हॅट, हे तर मले केव्हाचं माहीत हाय, माहा मुद्दा दुसराच होता. मला आता ते कधीच कळणार नाही आणि त्यानं माझा जीव अजून तळमळतो. पण एवढं कळलं, की तू गेलीस म्हणून आपल्यात होतं ते रिकामं झालेलं नाही. उलट ते इतकं वाढलं आहे की मला पेलवत नाही. मी रडले, वर्गातच रडले, आणि पदरानं तोंड पुसलं.

त्या दोन वेण्यांच्या मुलीनं तोवर खडू घेतला होता. फळ्यापाशी जाऊन ती थांबली. रेघेच्या कोणत्या बाजूला लिहायचं तिला कळेना. तिनं मला विचारलं, "मॅडम, हा मुद्दा कोणाचा लिहू? तुमचा का आमच्या मॅडमचा?"

"दोघींचा," मी म्हटलं.

तिनं डस्टर घेतलं आणि मधली रेघ पुसून टाकली.